वणव्याचा आळ भुंगेऱ्यावर

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा राहतो. पाइन वृक्षाच्या सालीखाली तो अंडी घालतो. त्याने सोबत आणलेल्या बुरशीने लाकूड निळसर पडते, पाण्याची वाट अडते आणि वर्षभरात उभा वृक्ष लाल होतो. असे लाल डोंगर पाहिले, की पुढच्या वणव्याचे खापर याच किड्यावर फुटते. हा निवाडा मला घाईचा वाटतो.

कीटकशास्त्रज्ञ ए. डी. हॉपकिन्स यांनी १९०२ मध्ये या भुंगेऱ्याला शास्त्रीय नाव दिले. तो मात्र त्यापूर्वीही तेथे होताच, आणि आगही होती. लॉजपोल पाइनची कित्येक शंकूफळे राळेने बंद असतात. ती धगीनेच उघडतात आणि बी राखेत पडते. वणव्याशी इतके जुने नाते असलेल्या झाडाला वणव्याचे भय कोणी शिकवावे?

ते माणसाने ठरवले. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो-मोंटानाच्या सीमेवर दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर रान जळाले, ८० हून अधिक माणसे गेली. त्या धास्तीतून अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ मध्ये फर्मान काढले: दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. कॅनडातही आगी विझवण्याचा असाच सपाटा चालला. परिणामी म्हाताऱ्या पाइनची राने साठत गेली. भुंगेऱ्यासाठी मांडलेले पानच ते!

राहता राहिली थंडी. उणे ४० अंशांच्या आसपास त्याच्या अळ्या मरतात. पण तसे हिवाळे विरळ झाले. १९९० च्या दशकापासून ब्रिटिश कोलंबियात जी साथ उसळली, तिने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर रान ग्रासले. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून अधिक.

मग आगी वाढतात की नाही? उत्तर काळावर अवलंबून आहे. लाल सुया असतात ती पहिली दोन-तीन वर्षे झाड चटकन पेटते. सुया गळून रान करडे झाले, की शेंड्याशेंड्यांतून धावणाऱ्या आगीला सरपण उरत नाही. काही दशकांनी ओंडके कोसळतात, खाली नवी रोपे दाटतात आणि हिशेब पुन्हा बदलतो. १९८८ मध्ये यलोस्टोन उद्यानाचा तिसरा हिस्सा आगीच्या कवेत आला. १९७२-७५ मध्ये किडीने ग्रासलेल्या भागांत जळण्याची शक्यता इतरांहून जेमतेम ११ टक्क्यांनी अधिक होती, असे पुढे संशोधकांना आढळले. त्या उन्हाळ्याचे खरे सूत्रधार अवर्षण आणि वारा होते.

तरीही ‘वणवा टाळण्यासाठी’ म्हणून दूरच्या डोंगरांवरील मेलेली झाडे तोडण्याची मागणी होतच राहते. त्या लाकडाला बाजारात भाव असतो, हे येथे विसरू नये. तोच पैसा वस्तीलगतचे वाळके गवत आणि झुडपे काढण्यावर खर्चिला, तर निदान घरे तरी वाचतील.