रिमोट कुणाच्या हाती?

अमेरिकेतल्या पक्षनिष्ठ वृत्तवाहिन्या आणि रेडिओवरचे राजकीय चर्चेचे कार्यक्रम यांच्या प्रभावाचा उगाच बाऊ केला जातो, असे मत सध्या मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. या मताचे म्हणणे थोडक्यात असे: रिमोट प्रेक्षकाच्या हाती असतो; ज्याचे जे मत आधीच ठरले आहे, तेच तो पाहतो; वाहिनी मत घडवत नाही, फक्त दाखवते. शिवाय तेहतीस कोटींहून मोठ्या देशात रात्रीचे वीस-तीस लाख प्रेक्षक म्हणजे किती? ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पुरावा पाहिला की टिकत नाही.

रिमोटचा मुद्दाच आधी घेऊ, कारण सारी इमारत त्यावर उभी आहे. रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारी फॉक्स न्यूज 7 ऑक्टोबर 1996 रोजी सुरू झाली, पण एका दिवसात देशभर पोहोचली नाही. गावोगावच्या केबल कंपन्यांकडे वाहिन्यांच्या जागा मोजक्या होत्या. कुणी फॉक्स घेतली, कुणी घेतली नाही. त्यामुळे 2000 साली शेजारशेजारच्या दोन सारख्या गावांपैकी एकात ती दिसत होती, दुसऱ्यात नव्हती. स्टेफानो देला विग्ना आणि ईथन कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी अशा 9,256 गावांचे 1996 आणि 2000चे मतदान ताडून पाहिले. जिथे फॉक्स आली तिथे रिपब्लिकन पक्षाची मते 0.4 ते 0.7 टक्क्यांनी वाढली. कंपन्यांनी मुळातच रिपब्लिकनांकडे झुकणारी गावे निवडली असतील, ही शंका त्यांनीही घेतली होती. फॉक्स येण्यापूर्वीच्या निवडणुकांत तशी वाढ त्यांना दिसली नाही. अर्धा टक्का म्हणून हसणाऱ्यांनी फ्लोरिडा आठवावे. 2000ची अध्यक्षीय निवडणूक तिथल्या 537 मतांवर ठरली. पुढे 2017 साली ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी याहून मार्मिक गोष्ट दाखवली. केबलच्या यादीत वाहिनीचा क्रमांक जितका वरचा, तितकी ती अधिक पाहिली जाते, आणि त्यासोबत मतदानही सरकते. क्रमांक प्रेक्षक ठरवत नाही, केबल कंपनी ठरवते. मग रिमोट कुणाच्या हाती उरला? जाहिरातीने कुणी साबण बदलत नाही, हा जुना वादही असाच होता. तो घालणारे आणि जाहिरातींवर पैसे ओतणारे यांपैकी एकजण नक्की चुकत होता, आणि पैसे ओतणारे मूर्ख नव्हते.

आता 2020चा प्रयोग. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी फॉक्स नेमाने पाहणाऱ्या प्रेक्षकांपैकी काहींना तासाला 15 डॉलर देऊन महिनाभर सीएनएन पाहायला लावले. त्यांची माहिती आणि काही मते बदलली. पैसे थांबल्यावर ते फॉक्सकडे परतले आणि बदल बराचसा ओसरला. प्रतिपक्ष हा ओसर विजयाने मिरवतो. वास्तविक मते टिकवायला रोजचा रतीब लागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि वाहिन्या तो रोज घालतात.

प्रेक्षक थोडे, हे खरे. पण हेच थोडे लोक पक्षांतर्गत निवडणुकीला हमखास जातात आणि उमेदवार त्यांना घाबरतात. 1994 साली रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकले, तेव्हा नव्या सदस्यांनी रेडिओवरचे रश लिंबॉ यांना आपल्या गटाचे मानद सदस्यत्व दिले. ‘दुसऱ्या बाजूलाही डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारी एमएसएनबीसी होती’ या उत्तराने प्रभाव नाही हे सिद्ध होत नाही. तो दोन्हीकडे आहे एवढेच होते.

उपाय मात्र आमच्या बाजूचे काही लोक सांगतात तसा वादाच्या दोन्ही बाजू मांडायला लावणारा 1949चा समतोलाचा नियम परत आणण्याचा नाही. 1987 साली रद्द झालेला तो नियम परवानाधारक प्रक्षेपकांसाठी केलेला होता, केबल वाहिन्यांसाठी नव्हे. आणि सरकारने समतोल मोजावा हेही नको. दोन गोष्टी हव्यात. खोटेपणाची किंमत न्यायालयात मोजावी लागावी, जशी 18 एप्रिल 2023 रोजी मतदानयंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीशी बदनामीच्या खटल्यात समझोता करताना फॉक्सला 78.75 कोटी डॉलर मोजावे लागले. आणि ग्राहकाला वाहिनी निवडून तेवढ्याचेच पैसे भरता यावेत. आज जो अशा वाहिन्या कधीच लावत नाही, त्याच्याही केबलच्या बिलातून त्या वाहिन्यांकडे पैसे जातात.