शब्द आणि आकडे

नोव्हेंबर २०१६ मधील ते दिवस बँकेच्या दारातील रांगेत उभा राहिलेला कोणीही विसरणार नाही. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्याची घोषणा झाली आणि दोन हजारांची नवी नोट येणार असल्याचे कळले. ही गुलाबी नोट लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच तिची कीर्ती घरोघरी पोहोचली होती. तिच्यात म्हणे ‘नॅनो जीपीएस चिप’ बसवलेली होती! नोट जमिनीखाली १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला तिचा ठावठिकाणा लागणार होता. काही वृत्तवाहिन्यांनी तर ही वार्ता मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली. रिझर्व्ह बँकेने नोटेची वैशिष्ट्ये प्रसिद्ध केली होती. त्यांत महात्मा गांधींचे चित्र होते, सुरक्षा धागा होता, पाठीमागे मंगळयान होते. चिपचा मात्र उल्लेख नव्हता. पण ती यादी वाचणारे थोडे आणि वार्ता पुढे पाठवणारे पुष्कळ, अशी स्थिती होती.

तंत्रज्ञानाच्या बातम्या चवीने वाचणाऱ्या एखाद्या जुन्या वाचकाने थोडा विचार केला असता, तर त्याला दोन साध्या शंका आल्या असत्या. जीपीएसचे उपग्रह कोणाचाही शोध घेत हिंडत नाहीत. ते केवळ वेळेचे संकेत पाठवत राहतात. ते संकेत ग्रहण करून स्वतःचे स्थान काढणे हे खालच्या यंत्राचे काम असते आणि त्यासाठी वीज लागते. मग कागदाच्या नोटेत बॅटरी कोठे ठेवली होती? दुसरी शंका व्यवहाराची. १२० मीटर म्हणजे जवळजवळ चाळीस मजली इमारतीची उंची. इतका खोल खड्डा खणणाऱ्याचा निम्मा काळा पैसा मजुरीतच पांढरा झाला असता. पुढे १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ही नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले. तेव्हा कोणी उपग्रहाकडे विचारणा केल्याचे ऐकिवात नाही. नोटा परत आल्या त्या बँकेच्या खिडकीतूनच.

यात भोळेपणापेक्षा घाईचा भाग मोठा होता, आणि ही घाई केवळ भारतीय नाही. १ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतील ‘एनपीआर’ या सार्वजनिक रेडिओ संस्थेने फेसबुकवर एका लेखाचा दुवा दिला. ‘अमेरिका आता वाचत का नाही?’ अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. ते पाहताच अभिप्रायांचा वर्षाव सुरू झाला. अमेरिका वाचत नाही म्हणून कोणी खेद व्यक्त केला, तर आपण भरपूर वाचतो असे कोणी ठणकावून सांगितले. दुवा उघडणाऱ्याला मात्र तेथे लेख नव्हताच. तेथे एप्रिल फूलच्या शुभेच्छा होत्या, आणि पुष्कळ लोक न वाचताच अभिप्राय देतात अशी शंका असल्याने खऱ्या वाचकांनी काहीही न लिहिता केवळ पसंती नोंदवावी, अशी विनंती होती. वाचणारे गप्प राहिले आणि न वाचणारे वाचनसंस्कृतीवर बोलत राहिले.

पूर्वी संपादकास पत्र लिहावयाचे तर कागद, पाकीट आणि तिकीट लागत असे. खाली नाव आणि पूर्ण पत्ता द्यावा लागे. पत्र टपालपेटीत पडेपर्यंत लिहिणाऱ्याचा अर्धा राग ओसरलेला असे, आणि उरलेला संपादकाच्या कात्रीखाली येई. त्या विलंबाला सर्वांनी गैरसोय मानले आणि तंत्रज्ञानाने ती दूर केली. आता तेच तंत्रज्ञान तो विलंब थोडाथोडा परत आणण्याच्या खटपटीत आहे.

नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा ‘एनआरकेबीटा’ हा तंत्रज्ञानविषयक विभाग आहे. त्याने २०१७ साली एक साधा प्रयोग केला. अभिप्राय लिहू इच्छिणाऱ्यास त्या लेखावरच आधारलेले तीन प्रश्न विचारले जात. उत्तरे बरोबर आली तरच लिहिण्याची चौकट उघडे. या परीक्षेला जेमतेम १५ सेकंद लागत. परंतु लेख वाचला आहे याची खात्री व्हावी आणि तेवढ्या वेळात लिहिणाऱ्याचा आवेशही थोडा शमावा, हा हेतू होता. जून २०२० मध्ये ट्विटरनेही न उघडलेला लेख पुढे पाठवणाऱ्यास ‘आधी वाचावयाचे आहे का?’ असे विचारून पाहिले. त्या सूचनेनंतर लेख उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने काही महिन्यांनी सांगितले. वाचनाचा जो संस्कार पूर्वी शाळामास्तर करीत, तो आता यंत्राकडे सोपवावा लागला.

धनादेशावरील रक्कम शब्दांत आणि आकड्यांत अशी दोनदा लिहिलेली असते. दोहोंत फरक आढळल्यास शब्दांतील रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ च्या पराक्राम्य लेख अधिनियमाचे १८ वे कलम सांगते. कायदा शब्दांना प्रमाण मानतो. समाजमाध्यमांत नेमके उलटे घडते. तेथे मजकुरात काय लिहिले आहे यापेक्षा त्याखाली किती पसंत्या जमल्या आहेत याला मोल असते. हजारो लोकांनी पुढे पाठवले म्हणजे ते खरेच असणार, असे समजून आणखी हजारो लोक तेच करतात. आकडा फुगतो आणि शब्द तपासावयाचा राहून जातो.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते; परंतु १ जुलै २०१८ चा रविवार तसे करू देत नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या सुमारास मोबाइलवरून सर्वत्र फिरत होत्या. जमावाने त्या पाच जणांना हेच ते लोक ठरवले आणि मारहाण करून त्यांचा जीव घेतला. त्या परिसरात अफवा पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांनी आपल्या मुलांच्या काळजीपोटीच ती पाठवली असेल. एकाही बोटाला आपण पाच माणसांच्या मृत्यूकडे निघालो आहोत असे वाटले नसेल.

देशात अशा अनेक घटना घडल्यानंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खोटे संदेश कसे ओळखावेत हे सांगितले. नव्या माध्यमाला आपल्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका हे सांगण्यासाठी जुन्या माध्यमाचा आसरा घ्यावा लागला, हा योग विलक्षणच. आलेला संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल, असे बंधनही भारतात आले. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ही मर्यादा एकावर आणली गेली, आणि अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने त्याच महिन्यात जाहीर केले. कोणाचेही तोंड बंद केले नव्हते. बोटाला थोडे अधिक कष्ट पडले, इतकेच.

बँकेतील अधिकारी धनादेश संमत करण्यापूर्वी तारीख पाहतो, शब्द आणि आकडे जुळवतो, स्वाक्षरी ताडून बघतो. रांगेतील माणसे कुरकुरतात. तरीही तो घाई करीत नाही, कारण पैसे एकदा खिडकीबाहेर गेले की परत मिळवणे कठीण असते. पुढे पाठवलेल्या संदेशाचेही तसेच आहे. कुटुंबाच्या गटात आलेल्या एखाद्या चमत्कारिक वार्तेवर घरातील वडीलधाऱ्याने ‘हे कोणी लिहिले? केव्हा? कशाच्या आधारावर?’ एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल. उत्तर न मिळाल्यास वार्ता तेथेच थांबवावी. कायदा काहीही सांगत असला तरी शब्द आणि आकडे न जुळणारा धनादेश बँका बहुधा परतच करतात, आणि सोबत कारणाची चिठ्ठी जोडतात. ही वार्ताही पाठवणाऱ्याकडे परत जाऊ द्यावी. चिठ्ठी मात्र सौम्य शब्दांत लिहावी. पाठवणारा बहुधा आपलाच कोणी असतो.