शुद्ध कशाला म्हणावे?



‘शुद्ध’ हा शब्द कानावर पडला की आपल्या समाजाच्या जुन्या जखमेची खपली निघते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्र म्हणत पुन्हा तळ्यात ओतले. पाण्यात कोणती घाण होती आणि ती किती गेली, हे कोणी मोजले नाही. मोजणार तरी काय? घाण पाण्यात नव्हती, डोक्यात होती.

आज हे आठवण्याचे कारण असे. मागे विहारात वंदना आटोपल्यावर एक मावशी आम्हांला म्हणाल्या, “भाऊ, ती आर.एन.ए.ची लस असते ना, ती म्हणे शुद्ध नसते. आत कायबाय राहतं. नातू सांगत होता. खरं का?” त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले. मावशींचा प्रश्न अगदी रास्त आहे, असे आमचे मत झाले.

आधी आर.एन.ए. म्हणजे काय ते पाहू. कचेरीत मूळ फाईल कपाटाबाहेर जात नाही, तिची नक्कल जाते. आपल्या पेशीत डी.एन.ए. ही मूळ फाईल आणि आर.एन.ए. ही तिच्यातल्या एका पानाची नक्कल. त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. कोरोनाच्या आर.एन.ए. लसीत विषाणूच्या काट्याच्या प्रथिनाची अशी नक्कल असते. शरीर ते प्रथिन ओळखायला शिकते, नक्कल पुढे विरून जाते आणि मूळ फाईलला हात लागत नाही.

ही नक्कल कारखान्यात टाकीत तयार होते. डी.एन.ए.चा साचा, नक्कल उतरवणारे एन्झाइम आणि आर.एन.ए.चे चार प्रकारचे सुटे मणी एकत्र ठेवले की काही तासांत असंख्य नकला तयार होतात. पण टाकीत नुसत्या चांगल्या नकलाच नसतात. साचा असतो, एन्झाइम असते, अर्धवट तुटलेले तुकडे असतात. शिवाय दुपदरी आर.एन.ए. असतो आणि सर्वांत त्रासदायक तोच. अनेक विषाणू वाढताना असाच दुपदरी आर.एन.ए. तयार करतात. त्यामुळे तो दिसताच शरीर धोक्याची घंटा वाजवते. दाह होतो आणि पेशी प्रथिन बनवण्याचे कामच आखडते घेते.

हे कोडे सोडवण्यात मोठा वाटा कॅटालिन कारिको या बाईंचा. त्या हंगेरीतल्या एका खाटकाच्या कन्या. लहानपणी घरात नळाचे पाणी नव्हते. पुढे अमेरिकेत विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले, तरी त्यांनी काम सोडले नाही. २००५ साली त्यांनी व ड्रू वाइसमन यांनी दाखवून दिले की आर.एन.ए.च्या एका अक्षरात बदल केला की शरीराचा विरोध कमी होतो. २०११ साली त्यांच्या गटाने पुढचा टप्पा गाठला. दुपदरी आर.एन.ए. गाळून काढला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये दाह उठला नाही आणि प्रथिन १० ते १००० पट जास्त तयार झाले. केवळ साफसफाईने एवढा फरक पडला! २०२३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही साफसफाई करतात कशी? आपल्या माता-भगिनी तांदूळ पाखडतात, चाळतात, निवडतात, तसाच हा प्रकार आहे. आधी एका एन्झाइमने डी.एन.ए.च्या साच्याचे बारीक तुकडे करतात. मग तो द्राव बारीक कण भरलेल्या नळीतून सोडतात. नकलेच्या शेपटाला ‘ए’ अक्षरांची माळ असते आणि नळीतल्या कणांना ‘टी’ अक्षरांची. ए आणि टी एकमेकांना धरतात, बाकीचे वाहून जाते. मग पाण्यातले क्षार बदलले की नक्कल सुटून खाली येते. दुपदरी माल वेगळा काढायला निराळी नळी लागते.

पण साफ केले म्हणून ते साफ झाले, असे विज्ञान मानत नाही. पुढे तपासणी असते. विजेच्या दाबाखाली केसासारख्या बारीक नळीतून नकला पळवतात. तुटके तुकडे पुढे धावतात, अखंड नकला मागून येतात. त्यावरून शेकडा किती अखंड हे कळते. दुपदरी आर.एन.ए. किती, साच्याचा अंश किती, जंतूंचे विष आहे का, आर.एन.ए. ज्या चरबीच्या गोळ्यांत भरतात त्यांचा आकार बरोबर आहे का, हे सारे मोजून प्रत्येक बॅचच्या नोंदीत लिहावे लागते.

या तपासणीचे मोल युरोपात दिसले. २०२० साली फायझर-बायोएनटेकच्या लसीचे कागद युरोपच्या औषध नियामक संस्थेने तपासले. चाचणीसाठी बनवलेल्या मालात अखंड आर.एन.ए. सुमारे ७८ टक्के होता. मोठ्या कारखान्यातल्या काही बॅचमध्ये तो ५५ टक्क्यांच्या आसपास आला होता. तुटकी चिठ्ठी म्हणजे विष नव्हे, पण ती वाचली जात नाही. नोव्हेंबरमध्ये संस्थेने मोठा आक्षेप घेतला, कंपनीला खुलासा करावा लागला आणि पुढच्या बॅच सुधारल्या. २१ डिसेंबरला सशर्त परवानगी मिळाली. तपासनिसांनी चोख काम केले. परंतु लोकांना हे कळले ते संगणकातून चोरीला गेलेल्या कागदांमुळे आणि मार्च २०२१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने ते छापल्यामुळे. आमचा आक्षेप आहे तो इथे. ज्यांच्या दंडात सुई जाते, त्यांना हिशेब चोरून का कळावा? उघड सांगितले असते तर अफवांना एवढे खतपाणी मिळाले नसते.

एक गैरसमज मात्र दूर करू. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लसी आर.एन.ए.च्या नव्हत्या. आर.एन.ए.ची भारतीय लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने केली. तिला जून २०२२ मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली. ती सुकवलेल्या पुडीच्या रूपात असल्याने २ ते ८ अंशांत, साध्या फ्रीजमध्ये टिकते. फायझरच्या सुरुवातीच्या लसीसारखी उणे ७० अंशांची थंडी तिला लागत नाही.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : आत थोडे काहीतरी राहते, हे खरे. शंभर टक्के शुद्ध असे कोणतेच औषध नसते. म्हणून काय राहिले, किती राहिले, किती चालते आणि कोणी मोजले, हे विचारायचे. तळे शुद्ध करणाऱ्यांपाशी या चार प्रश्नांची उत्तरे नव्हती. प्रयोगशाळेपाशी ती असलीच पाहिजेत आणि ती मागण्याचा आपला हक्क आहे. बुद्धाने कालामांना हेच शिकवले : कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. लसीच्या जाहिरातीला हे लागू आहे, तसेच नातवाच्या मोबाइलवर आलेल्या अफवेलाही.

आणि पालकहो, वस्तीतली मुलगी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेते म्हणाली तर “त्यात काय नोकरी आहे?” म्हणून तिला मागे ओढू नका. औषधाची शुद्धता ठरवणाऱ्या टेबलापाशी उद्या आपली लेक बसलेली असावी. शुद्ध-अशुद्ध ठरवण्याचा अधिकार आपल्याला हजारो वर्षे कोणी दिला नव्हता.

जयभीम! नमो बुद्धाय!