फ्लोटची मर्यादा

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची मर्यादा एक लहानसा फ्लोट राखतो. पातळी वाढली की तो वर उचलला जातो आणि सुईसारखी झडप प्रवाह रोखते. झडपेत कचरा अडकला अथवा फ्लोटला छिद्र पडले, की पेट्रोल ओसंडते. प्लग भिजतात, धूर काळा होतो आणि एका ठिणगीने आग भडकू शकते. अशा वेळी वारंवार स्टार्टर मारू नये. बॉनेट उघडून वाफ जाऊ द्यावी. इंजिन निवल्यावर बॅटरीची तार सोडून फ्लोट काढावा व कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळल्यास तो बदलावा. एरवी झडप स्वच्छ करावी. श्रावकाचा यत्नाचार तो हाच. परिग्रह-परिमाण व्रतही हेच सांगते: पुरेसे झाले, की दार आतूनच मिटावे.