अंगणातल्या शंभर फेऱ्या

एप्रिल २०२० मध्ये, ९९ वर्षांचे कॅप्टन टॉम मूर वॉकर धरून घराच्या अंगणात फेऱ्या मारू लागले. अपेक्षा हजार पौंडांची होती. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मदतनिधीसाठी जमले ३ कोटींहून अधिक!

यॉर्कशरमधल्या कीथलीचे मूर दुसऱ्या महायुद्धात मुंबईला उतरले, सैनिकांना मोटारसायकल शिकवली, आराकानच्या आघाडीवरही गेले. पण युद्धानंतरचे मूर जास्त जवळचे वाटतात. छपराचं सामान विकणारे, काँक्रीटची कंपनी चालवणारे, दोन मुलींचे वडील. स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीला भेटायला त्यांनी शुश्रूषागृहाची वाट कधी चुकवली नाही.

फेऱ्यांनंतर, जुलै २०२० मध्ये, राणीने त्यांना ‘सर’ केलं. २ फेब्रुवारी २०२१ रोजी ते गेले. शंभरीला दीड लाखांच्या घरात शुभेच्छापत्रं आली होती. ती मांडायला नातवाच्या शाळेचं सभागृह लागलं.