विश्लेषण : कौन्सिलांचे टर्फ इतके महाग का पडले? युद्धकाळातील आयर्लंडच्या इंधनाचा हिशेब

टर्फ म्हटले की आज पुण्या-मुंबईतल्या तरुणांना रात्री उशिरापर्यंत चालणारे बॉक्स क्रिकेट आठवते. आयर्लंडमध्ये मात्र टर्फ म्हणजे चुलीत घालायचे इंधन. दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. तो विटेसारखा कापायचा, उन्हावाऱ्यात वाळवायचा आणि जाळायचा. दुसऱ्या महायुद्धात हे काम तिथल्या काउंटी कौन्सिलांच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्हा परिषदांच्या, गळ्यात पडले. टर्फ निघाले, पण राजधानी डब्लिनपर्यंत पोहोचेतो त्याचा टनामागचा खर्च इतका वाढला, की विक्रीचा दर आणि खर्च यांतला फरक सरकारी तिजोरीतून भरावा लागला. त्यावरून कौन्सिलांना उधळे ठरवणे सोपे आहे. हिशेब नीट मांडला तर दोष बराचसा दुसरीकडे जातो.

कौन्सिलांवर ही वेळ का आली?

आयर्लंड युद्धात तटस्थ होता, पण त्याचा कोळसा जवळजवळ सगळा ब्रिटनमधून यायचा. १९४१ मध्ये ब्रिटनने हात आखडता घेतला. टर्फसाठी सरकारचे स्वतंत्र मंडळ होते, टॉड अँड्र्यूज त्याचे प्रमुख होते. मात्र त्याचा आवाका लहान होता. गावोगावी मजूर लावण्याची आणि हजेरीपट ठेवण्याची व्यवस्था फक्त कौन्सिलांकडे होती, कारण रस्त्यांची कामे त्याच करत. ह्यूगो फ्लिन यांना टर्फ नियंत्रक नेमून सरकारने मोहीम कौन्सिलांवर सोपवली आणि खासगी दलदली ताब्यात घेण्याचे अधिकारही दिले. कालपर्यंत खडी मोजणारा काउंटीचा अभियंता आता टर्फ मोजू लागला.

एका टनामागे किती पाणी?

सगळ्या खर्चाचे मूळ इथे आहे. दलदलीतल्या पीटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. जळण्याजोग्या टर्फमध्ये ते ३० टक्क्यांवर यावे लागते. म्हणजे वाळलेल्या एक टन टर्फमध्ये ७०० किलो घन पदार्थ असतो, आणि तेवढा मिळवायला सात टन ओले पीट उपसावे लागते. उरलेले सहा टन पाणी ऊन आणि वारा फुकट नेतात. पण आयर्लंडमधले ऊन कोकणातल्या मे महिन्यासारखे नसते. स्लेन नावाच्या खास फावड्याने वसंतात कापलेले तुकडे आधी पसरायचे, वरून जरा घट्ट झाले की चार-सहा तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, मग मोठे ढीग रचायचे, शेवटी ते रस्त्यापर्यंत ओढत आणायचे. प्रत्येक वेळी माणसाला वाकावे लागते आणि प्रत्येक वाकण्याची मजुरी असते. मध्येच पाऊस लागून राहिला तर मजुरी तीच राहते, हाती येणारे टर्फ तेवढे कमी होते.

त्यात टनाला टर्फची उष्णता कोळशाच्या जेमतेम निम्मी. एक टन कोळशाची जागा भरायला दोन टन टर्फ, म्हणजेच चौदा टन ओले पीट हाताने काढायचे. हे गणित कौन्सिलच्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या काटकसरीने बदलणारे नव्हते.

मग वाहतुकीचे काय?

दलदली मुख्यतः पश्चिमेला आणि मधल्या भागात, गिऱ्हाईक पूर्वेला डब्लिनमध्ये. टर्फ हलके आणि जागा खाणारे असल्याने वाघिणी भरतात, वजन भरत नाही. रेल्वेलाच कोळसा मिळत नव्हता, लॉरींना पेट्रोल मिळत नव्हते. अनेक दलदलींपर्यंत तर आधी रस्ताच बांधावा लागला. त्या रस्त्याचा खर्च पहिल्या वर्षाच्या टर्फवर टाकायचा की पुढल्या वीस वर्षांवर, यावर टनामागचा आकडा वाटेल तसा फिरवता येतो. सरकारी खर्चाचे आकडे वाचताना हा प्रश्न कुठल्याही देशात विचारून पाहावा. १९४२ पासून टर्फ मंडळाने उलटा मार्ग घेतला. पश्चिमेतले टर्फ डब्लिनला आणण्याऐवजी मजुरांनाच डब्लिनजवळच्या किल्डेअर काउंटीत आणून छावण्यांमध्ये ठेवले.

डब्लिनमध्ये टर्फचा दर टनाला ६४ शिलिंग, म्हणजे ३ पौंड ४ शिलिंग, ठरवून दिला होता. कोळसा आयातदारांची मिळून बनलेली ‘फ्युएल इम्पोर्टर्स’ ही कंपनी साठा सांभाळत असे. फिनिक्स पार्कमधल्या हमरस्त्याच्या दुतर्फा टर्फच्या इतक्या लांबलचक राशी लागल्या, की लोक त्याला गमतीने नवा ‘बॉग रोड’ म्हणू लागले.

तोटा कोणाचा झाला?

कागदावर तोटा सरकारचा. पण सगळ्यात वाईट हिशेब डब्लिनमधल्या गरीब घरांचा होता. टर्फ वजनावर विकले जाई आणि उघड्यावरच्या राशींमध्ये ते पुन्हा भिजत असे. ओल्या टर्फबद्दल शहरभर ओरड होती, ती उगाच नव्हती. ओलावा ३० ऐवजी ५० टक्के असला तर त्याच एका टनातून मिळणारी उष्णता सुमारे एक तृतीयांशाने घटते, कारण घन पदार्थ कमी होतो आणि उरलेल्या उष्णतेतलाही काही भाग पाणी उडवण्यात जातो. गिऱ्हाईक पैसे मात्र पूर्ण टनाचे मोजते. दर टनावर ठरवला आणि ओलाव्यावर काहीच ठरवले नाही, ही त्या योजनेतली खरी चूक होती. ती कौन्सिलच्या मजुराने केलेली नव्हती.

आणि तुलना कशाशी करायची? टर्फ कोळशापेक्षा महाग होते, हे खरे; पण कोळसा मिळतच नव्हता. १९४६ चा उन्हाळा पावसात गेला, टर्फ नीट वाळले नाही आणि १९४७ च्या फेब्रुवारीत देश बर्फाखाली गेला. त्या आठवड्यांत अनुदानाच्या आकड्यापेक्षा घरात जाळायला काय आहे, हे महत्त्वाचे होते.

पुढे काय झाले?

कोळसा परत येताच हाताने काढलेल्या टर्फची गरज संपली. १९४८ मध्ये कौन्सिलांची मोहीम गुंडाळली गेली. पश्चिमेकडच्या काउंट्यांमधल्या मजुरांची हंगामी कमाई एका झटक्यात गेली, त्यावरून आयरिश संसदेत खडाजंगीही झाली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बोर्ड ना मोना’ या सरकारी कंपनीने तोवर यंत्रांनी पीट काढण्याची तयारी चालवली होती. हवामानबदलाच्या काळात त्या कंपनीनेही २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे बंद केले. ऑक्टोबर २०२२ पासून आयर्लंडमध्ये दुकानातून किंवा ऑनलाइन टर्फ विकता येत नाही. ज्या कुटुंबांचा दलदलीवर पिढीजात हक्क आहे, ती मात्र आजही स्वतःच्या चुलीपुरते कापतात.