गाडीचे वय नको, तब्येत विचारा

गाडीने पंधरा वर्षे ओलांडली की आपल्याकडे शेजाऱ्यापासून भाच्यापर्यंत सगळे एकच सुचवतात: भंगारात द्या. मी राहतो त्या हेर्त्सोगेनआउराखमध्ये चाळिशीची गाडी रविवारी बाहेर पडली की लोक हात हलवतात. हे जर्मनांचे मोटारवेड म्हणून सोडून देता आले असते. पण या वेडाला इथल्या कायद्याने नीट चौकट दिली आहे आणि ती आपण उचलण्यासारखी आहे.

न्यूरेंबर्गजवळचे हे गाव जगाला आदिदास आणि प्यूमामुळे ठाऊक. तळेगावहून आलेल्या माझ्यासारख्यांना ते बेअरिंगचे गाव. शेफलर बंधूंनी १९४६ साली इथे कारखाना काढला. त्यांपैकी गेऑर्ग यांचे १९४९ मधले पिंजऱ्यातले नीडल बेअरिंग पुढे मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये जाऊन बसले. त्यामुळे इथे निवृत्त फिटर शोधायला लांब जावे लागत नाही. अशाच एका शेजारच्या आजोबांना सोबत घेऊन मी १९८६ सालची दोन दारांची स्पोर्ट्स कार चालती केली. ती एका शेतकऱ्याच्या कोठारात कित्येक वर्षे उभी होती.

आजोबांची पहिली अट होती, किल्ली खिशातच राहू दे. गाडी फार दिवस उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल उतरून जाते. म्हणून प्लग काढून आत थोडे ऑइल सोडले आणि पाना लावून इंजिन हातानेच फिरवले. टायमिंग बेल्ट न बघताच बदलला. तो किलोमीटरने झिजतो तसा नुसत्या वर्षांनीही कडक होतो आणि या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास मारत होता. इथेनॉल ओलावा ओढते, पाणी तळाशी बसते, टाकी गंजते. ब्रेक ऑइलही तसेच पाणी पिते, त्यामुळे मागचे कॅलिपर जाम होते. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. ते वाचून चारही टायर काढले.

मग किल्ली फिरवली. इंजिन फिरले, पण पेटले नाही. स्पार्क होता, इंधनपंपाचा मात्र आवाज नव्हता. त्याच्या रिलेपर्यंत १२ व्होल्ट येत होते, पुढे जात नव्हते. वायरचा तुकडा लावून रिले वगळला तर पंप गुणगुणू लागला. रिले उघडला, तेव्हा भिंगाखाली डाखाला केसाएवढी चीर दिसली. डाख नव्याने दिला आणि गाडी सुरू झाली. ‘पार्ट बदलून बघू’ म्हणणाऱ्याने पंप, इंजेक्टर आणि संगणक अशी भलीमोठी यादी हातात ठेवली असती.

सगळ्या भागांचे वय एकच होते. इंजिन ठणठणीत होते. बिघडले होते ते रबर, तेल आणि एक डाख. वय कळले म्हणून दोष कळत नाही, तो तपासावाच लागतो.

जर्मन कायद्याची भूमिका नेमकी हीच आहे. १९९७ पासून इथे किमान तीस वर्षांच्या, बऱ्याच अंशी मूळ रूपातल्या आणि चांगल्या स्थितीतल्या गाडीला नंबरप्लेटवर ‘एच’ हे अक्षर मिळते. कर वर्षाला ठोक १९१.७३ युरो. शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश मिळतो. मात्र ब्रेक, गंज आणि धूर यांची दर दोन वर्षांची तपासणी चुकत नाही.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ची रेषा पन्नास वर्षांवर ओढली. नोंदणीचे वीस हजार रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. पन्नाशी न गाठलेल्या गाड्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, हरित कर आणि वयानुसार चढणारे शुल्क. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार बनली. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचे इंजिन. आपल्या मातीत घडलेल्या अशा गाडीला वारशाचा मान मिळायला २०५० जवळ यावे लागेल. कुर्ल्यात बनलेल्या शेवटच्या पद्मिनी गाड्यांचेही तेच. तोवर त्या टिकवायच्या कोणी आणि कशाच्या जोरावर?

जुन्या गाड्या धूर जास्त सोडतात, हा आक्षेप खरा आहे. १९८० च्या दशकातल्या अनेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नसतो. पण रोज शंभर किलोमीटर धावणारी टॅक्सी आणि महिन्यातून दोन रविवार निघणारी गाडी यांना एकच माप लावणे हा आळस आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. तीस वर्षांचा वर्ग करा, वर्षाच्या किलोमीटरला मर्यादा घाला आणि यंत्रावरची ब्रेक व धुराची तपासणी सक्तीची करा. सोबत पेट्रोलचाही विचार करा. जर्मनीत ई१० विकणाऱ्या पंपाला कमी इथेनॉलचे ई५ ठेवावे लागते, आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे ई२० हाच एक पर्याय उरला आहे. तपासणीत नापास होईल ती गाडी जरूर भंगारात जावो, माझ्या दारची असली तरी. पण आधी तिला तपासा.